संदेशांचा विलंब आणि ब्लॉकचेनची सुसंगतता

प्रश्न (जळगाव): बिटकॉइनचा ब्लॉक (साखळीला जोडला जाणारा व्यवहारांचा गट) सरासरी 10 मिनिटांनी निघतो. तो 10 सेकंदांनी निघाला आणि संदेश पोहोचण्यासही 10 सेकंद लागले, तर एकूण गणनशक्तीच्या निम्म्याहून कमी ताकदीचा हल्लेखोर साखळी उलटवू (आधीच्या नोंदी बदलू) शकेल काय?

उत्तर (धुळे): होय. विलंबाच्या काळात प्रामाणिक खाणकामगार (ब्लॉक तयार करणारे) एकमेकांचे ब्लॉक न पाहता एकाच उंचीवर (साखळीतल्या त्याच क्रमांकाच्या ब्लॉकवर) काम करत राहतात, म्हणून त्यांच्या एकूण वेगाला ‘एक अधिक वेग गुणिले विलंब’ याने भागावे लागते. हल्लेखोराचा वेग या भागाकाराहून कमी असेल तरच सुसंगतता (सर्वांकडे एकच साखळी असणे) टिकते. हा नेमका निकष 2020 मध्ये सिद्ध झाला, आणि तो मला फार सुंदर वाटतो. आपल्या आकड्यांत मर्यादा सुमारे 38.2 टक्के येते. 10 मिनिटांच्या अंतराला 49.8.

उत्तर (अमळनेर): येथे विलंब म्हणजे सरासरी नव्हे, कमाल. रावेरच्या केळी-खरेदीच्या नोंदी अशा साखळीवर ठेवायच्या असतील, तर सर्वांत संथ जोडणी मोजा.

प्रश्नकर्ता: अधिक पुष्ट्यांची (आपल्या ब्लॉकनंतर जोडल्या जाणाऱ्या ब्लॉकांची) वाट पाहिल्यास?

उत्तर (धुळे): मर्यादेच्या आत धोका घातांकी वेगाने घटतो, मर्यादेपलीकडे कितीही थांबून उपयोग नाही.