मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला मजकूर बरोबर आहे का, हे घेण्याआधी कसं तपासायचं?

पानगळ:
आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी विज्ञान, निसर्ग आणि यंत्रं यांवरची पुस्तकं निवडायची आहेत. चित्रं सगळ्यांचीच देखणी असतात. आतल्या चुका उभ्या-उभ्या दहा मिनिटांत कशा पकडायच्या? नेमकी कुठली पानं बघावीत? प्रयोगांची पुस्तकं घ्यावीत का?

सूक्ष्मदर्शी:
आधी चंद्रकलांचं पान उघडा. कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात असं छापलं असेल, तर पुस्तक खाली ठेवा. ती सावली फक्त ग्रहणात पडते. एरवी चंद्राचा अर्धा भाग उजळलेलाच असतो, आपल्याला त्यातला कमी-जास्त दिसतो.

मग ऋतू. इथे मजकूर बरोबर आणि चित्र चूक, असं फार वेळा होतं. कारण लिहिलेलं असतं अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाचं, पण कक्षा काढतात लांबट. मूल चित्र बघतं आणि ‘जवळ म्हणजे उन्हाळा’ हेच डोक्यात घेतं. खरी कक्षा जवळजवळ गोल आहे: सर्वांत कमी अंतर सुमारे 14.7 कोटी किमी, सर्वांत जास्त 15.2 कोटी. आणि कमी अंतर असतं जानेवारीच्या सुरुवातीला.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा दिसला तरी नकोच.

चकमक:
प्रयोगांची जरूर घ्या, पण मेणबत्तीचा प्रयोग वाचून मगच. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी वर चढतं. बरीच पुस्तकं सांगतात की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हे चूक आहे. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी काठाखालून बुडबुडे होऊन निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी विझल्यानंतरच झपकन चढतं. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच उरलेला असतो. पडताळा सोपा आहे: त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन तर तेवढाच होता! चांगलं पुस्तक हा तीन मेणबत्त्यांचा प्रश्न मुलांनाच विचारतं. मोठ्या माणसाने जवळ थांबावं, ही सूचनाही त्याच पानावर हवी, प्रस्तावनेत नव्हे.

पानगळ:
सूर्यमालेची चित्रं मापात नसतात, ती चूक धरायची का?

सूक्ष्मदर्शी:
नाही, पण ‘चित्र प्रमाणात नाही’ ही ओळ हवीच. पृथ्वी 1 सेंमीची काढली तर चंद्र 30 सेंमी दूर जातो आणि सूर्य 109 सेंमीचा होऊन सुमारे 117 मीटरवर. ते कुठल्याच पानावर मावणार नाही. हे आकडे देणारं पुस्तक मिळालं तर लगेच घ्या, मुलं ते मैदानात मांडून बघतात.

आवृत्तीचं सालही बघा. प्लूटो 2006 पासून बटुग्रह आहे. शनीच्या चंद्रांची संख्या वाढतेच आहे, तेव्हा त्या आकड्याशेजारी साल दिलेलं असावं.