स्टंटसाठी पहिली मोटरसायकल: हलकी सिंगल (एक सिलिंडरची) की चार सिलिंडरची ६०० सीसी?

मागचा_ब्रेक
व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर चालवणं, शिकायची म्हटलं की सगळे आधी विचारतात, किती सीसीची घेऊ? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. चाक उचलायला फार ताकद लागतच नाही. होंडा ग्रोम १२५ सीसीची आणि वजनाने शंभर किलोच्या आसपास, पण क्लचचा झटका आणि हँडलची ओढ जुळली की तीही पुढचं चाक वर घेते. खरी कसोटी चाक वर गेल्यावर लागते. एका ठरावीक कोनात गाडी तोलली जाते. त्याच्या पलीकडे गेलात की ती तुम्हाला मागे टाकते, आणि तिथून खाली आणतो तो मागचा ब्रेक. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी तो दाबून बघा. डिस्क हवी, आणि हलक्या दाबालाही लगेच, पण बेताने पकडणारी हवी. लांब व्हीलीत ब्रेक सारखा वापरावा लागतो. ड्रम तापला की त्याची पकड उतरते.

त्यानंतर वजन. गाडी पडणार, दिवसातून कितीदा तरी पडणार, आणि ती तुम्हालाच उचलायची आहे. म्हणून माझा कौल सिंगल सिलिंडरला: केटीएमची ड्यूक २००, ३९० किंवा एखादी सुपरमोटो (रस्त्याची चाकं लावलेली मातीतली हलकी गाडी). यासुयुकी कुडो यांनी १९९१ मध्ये जपानमध्ये न थांबता ३३१ किलोमीटर व्हीली केली ती होंडाच्या टीएलएम२२०आर या छोट्या ट्रायल्स (अडथळ्यांवरून चढवायच्या) गाडीवर.

इनलाइन_चार
साफ असहमत. ट्रायल्स गाडीचं उदाहरण इथे लागूच होत नाही. ती दगडांवरून चढायला बनवलेली असते. तिच्यावर सरळ रेषेत जाता येईल, पण ड्रिफ्ट (मागचं चाक घसरवत वळणं), सीटवर उभं राहणं, गोल फिरणं, या सगळ्यासाठी ती नाही.

मोठ्या सिंगलचा खरा त्रास धाग्यात आलाच नाही. तोलाच्या बिंदूवर थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) जरा सोडला की इंजिन ब्रेकिंगने चाक धपकन खाली येतं, जरा दिला की गचका बसतो. चार सिलिंडर तिथे मऊ चालतात. कावासाकीची ६३६ आणि होंडाची एफ४आय या गाड्या इतकी वर्षं स्टंटवाल्यांकडे टिकल्या त्या उगाच नाही. केज (पडल्यावर इंजिन वाचवणारा पिंजरा), १२ ओ'क्लॉक बार (गाडी सरळ उभी झाली की जमिनीला टेकणारा मागचा दांडा), मागचा ब्रेक हाताने लावायच्या हँडब्रेकचा ब्रॅकेट, सगळं त्यांच्यासाठी तयार मिळतं. मागे चाळीस-पंचेचाळीस दात्यांऐवजी ६० दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) टाका, आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) थोडा वाढवा, की हीच ६०० चालण्याच्या वेगात एका चाकावर फिरते. टॉप स्पीड जातो, पण तो हवाय कोणाला?

मागचा_ब्रेक
स्प्रॉकेटचं पटलं. पण तुम्ही सांगताय ती तयार झालेली गाडी आहे, आणि शिकणारा आणतो ती शोरूममधून निघालेली. मूळ गिअरिंगवर ६०० चं चाक पहिल्या गिअरमध्ये उचललं तर वेग किती झालेला असतो, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्या वेगात घाबरून थ्रॉटल धरून बसलेल्या माणसाचं काय होतं, हेही ठाऊक आहे. छोट्या गाडीवर तीच चूक केली तर बहुतेक वेळा उडी मारून पायांवर उतरता येतं. गचक्यांबद्दल: तेच तर शिकायचं असतं. ज्याचा उजवा हात सिंगलवर स्थिर झाला, त्याला चार सिलिंडर सोपी जाते.

दोन_पिस्टन
दोघेही मधला पर्याय विसरलात. ख्रिस फायफर हा स्टंटचा अनेकदा झालेला जागतिक विजेता, आणि त्याने बीएमडब्ल्यूची एफ८००आर वापरली, म्हणजे पॅरलल ट्विन, शेजारी शेजारी दोन सिलिंडर. खालच्या आरपीएमला टॉर्क भरपूर आणि थ्रॉटल चार सिलिंडरच्या जवळ जाणारा. शिवाय त्या इंजिनात ड्राय संप आहे, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. तेलाचा मुद्दा अजून कोणी काढलाच नाही, म्हणून सांगतो: गाडी बराच वेळ एका चाकावर ठेवली की साध्या संपातलं (तळाच्या टाकीतलं) तेल मागे सरकतं आणि पिकअप, म्हणजे तेल ओढणारं तोंड, कोरडा पडतो. बेअरिंगं अशीच जातात. तेलाच्या दाबाच्या दिव्यावर नजर ठेवा, लागला तर चाक लगेच खाली.

इनलाइन_चार
एफ८००आर चांगली, वाद नाही. पण ती पहिली गाडी म्हणून आपटायला कोण घेईल?

फ्यूज_काढलेला
सीसीवरून भांडताय, पण नव्या गाडीत तुमच्या आधी संगणक निर्णय घेतो. व्हीलीत पुढचं चाक हळू होत जातं, मागचं फिरत असतं. ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) वाटतं मागचं घसरतंय, आणि ते ऐन वेळी ताकद कापतं. स्टॉपीत, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून पुढच्या चाकावर उभं राहताना, मागचं चाक उचललं की काही एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पुढचा ब्रेक सोडून देतात. तेव्हा घेण्याआधी बघा की हे पूर्ण बंद होतं का, आणि इग्निशन बंद-चालू केल्यावर परत सुरू होतं का. ३९० ड्यूकच्या सुपरमोटो मोडमध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, पुढचं राहतं. मला विचाराल तर यातलं काहीच नसलेली जुनी गाडी सर्वांत बरी. पण मग ती रोजच्या रस्त्यावर वापरू नका. एबीएस काढलेली गाडी पावसात घेऊन कामाला जाणं मला अजिबात मान्य नाही.

मागचा_ब्रेक
याच्याशी शंभर टक्के सहमत. स्टंटची गाडी वेगळी, ट्रेलरवरून न्यायची, बंद आवारात चालवायची. समोरून येणाऱ्याने आपल्या सरावाला होकार दिलेला नसतो.

इनलाइन_चार
इथे माझंही दुमत नाही. नवख्याने सुरुवात छोट्या गाडीवर करावी, हेही मान्य करतो. पण वर्षभरात त्याला चार सिलिंडर हवीशी वाटेल, आणि तेव्हा तो वापरलेली स्टंट गाडी शोधेल. त्याच्यासाठी एवढंच: टाकीचे पोचे आणि ओरखडे बघत बसू नका, ते असणारच. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर आपटून आपटून स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत, ते बदलता येतात. मग टॉर्च घेऊन फ्रेमचा हँडलजवळचा जोड बघा. तिथे नवं वेल्डिंग दिसलं, तर किंमत कितीही कमी असो, गाडी तिथेच सोडा.