कुरणातले आयताकृती खळगे : ही मध्ययुगीन मत्स्यतळी असतील का?

प्रश्न (दिवाडीहून)

नमस्कार. गेल्या डिसेंबरात मी इंग्लंडमध्ये स्विंडनला भावाकडे गेलो होतो. एके दुपारी जवळच्या खेड्यात फिरताना चर्चमागच्या मेंढ्यांच्या कुरणात एकापुढे एक असे तीन आयताकृती खळगे दिसले. ते गुडघ्यापासून कमरेपर्यंत खोल होते आणि त्यांच्या तळाशी लव्हाळे माजले होते. सर्वांत खालच्या खळग्याच्या पलीकडे डोक्याएवढा उंच, गवताने झाकलेला बांध आडवा गेला होता आणि त्याला मधोमध खिंडार होते. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ही जुन्या मठवाशांची मासे पाळण्याची तळी असल्याचे सांगितले.

माझे बालपण गोव्यात खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या) बांधांवर गेले आहे, त्यामुळे ते खिंडार पाहताच माझी नजर आपसूक मानस, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार, शोधू लागली. ती खरोखरच मत्स्यतळी होती हे कशावरून ठरवावे, आणि ती कोरडी का पडली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (फोंड्याहून)

खळग्यांवरून काहीच ठरत नाही, कारण चिकणमाती काढलेली खाणही तशीच दिसते आणि वाड्याभोवतीचा बुजलेला खंदकही. ठरवायचे ते पाण्याच्या वाटेवरून. पाणी कोठून आत घेतले, एका तळ्यातून दुसऱ्यात कसे उतरवले, आणि पुराचे जादा पाणी बाजूने कसे काढून दिले, या तीन गोष्टी जमिनीवर सापडल्या तर शंका उरत नाही. ओढ्याच्या दरीत आडवा मातीचा बांध घालून पाणी अडवत, आणि पुराने बांध फुटू नये म्हणून ओढा बाजूच्या पाटाने वळवून थेट खाली सोडत. तो पाट आज उथळ, गवताळ खाचेसारखा तळ्यांना समांतर दिसतो. बांधातले खिंडार बहुधा पाणी सोडण्याच्या लाकडी दाराच्या जागी असते, कारण लाकूड कुजले की पाणी तिथूनच माती ओढून नेते.

तळी एकाहून अधिक असण्यालाही कारण होते. काही वर्षांनी एखादे तळे पूर्ण रिकामे करून गाळ उपसत आणि तेवढा काळ मासे शेजारच्या तळ्यात ठेवत. मोठ्या तळ्यात वाढलेले मासे स्वयंपाकघराला लागेपर्यंत लहान तळ्यात राखून ठेवण्याचीही रीत होती. ब्रीम, पाईक, पर्च, टेंच हे तिथले मासे. कार्प मात्र पंधराव्या शतकात आला. शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोरेज्म म्हणतात त्या काळात, मांस वर्ज्य असल्यामुळे माशांची गरज मोठी होती. तरीही गोड्या पाण्यातला ताजा मासा ही श्रीमंतांच्या पानातली वस्तू होती, आणि सामान्य माणूस खारवलेल्या हेरिंगवर भागवत असे.

प्रतिसाद २ (पेडण्याहून)

वरील विवेचन उत्तम आहे. फक्त "मठवाशांची" या शब्दाबद्दल सावध राहावे, असे मला वाटते. अशी तळी जमीनदारांच्या वाड्यांपाशीही होती आणि बिशपांच्या निवासांपाशीही. रटलंडमधील लिडिंग्टन येथे लिंकनच्या बिशपांच्या निवासाजवळची तळी मातीच्या उंचवट्यांच्या रूपात आजही ओळखता येतात. वूस्टरशरमधील बोर्ड्सली मठाने तर चक्क नदीचा प्रवाह वळवला होता. 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर मठांची पुष्कळ तळी सोडून दिली गेली. जिथे नंतर नांगर फिरला नाही, तिथेच हे अवशेष टिकले, म्हणून कुरण दिसले की आशा धरावी.

मानसाशी केलेली तुलना मला भावली, पण ती अर्धीच जुळते. आपल्याकडे भरतीबरोबर मासे आणि सुंगटे (कोळंबी) पोयीत, म्हणजे मानसाच्या आतल्या तळ्यात, आपणहून येतात, भरतीच्या दाबाने मानसाची दारे मिटतात आणि ओहोटीला ती उघडली की तोंडाशी जाळे लावतात. तिथे समुद्राची ही मदत नव्हती. मासे आणून सोडायचे, आणि पाणीसुद्धा पाट खणून आणायचे. म्हणून आपण खालच्या बांधावर न थांबता वरच्या टोकाला पाहायला हवे होते.

प्रश्नकर्ता

दोघांचाही मनापासून आभारी आहे. छायाचित्रे पुन्हा मोठी करून पाहिली. सायंकाळचे ऊन तिरपे असल्यामुळे कुंपणालगत एक लांब सावली तिन्ही खळग्यांच्या बाजूने थेट बांधाच्या टोकापर्यंत गेलेली दिसते. त्या दिवशी मी तिला मेंढ्यांची पायवाट समजलो होतो.

प्रतिसाद १ (फोंड्याहून)

तो बाजूचा पाट असण्याचा बराच संभव आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने लायडारने, म्हणजे विमानातून सोडलेल्या लेझर किरणांनी, मोजलेली जमिनीची उंची सर्वांना मोफत खुली केली आहे. त्यात हे कुरण शोधा आणि ती खाच वरच्या बाजूला ओढ्यापर्यंत पोहोचते का, तेवढे तपासून इथे जरूर कळवा.