मदत हवी आहे: सेल बदलल्यापासून आजीचं बटण मेशमध्ये कोणी ऐकत नाही

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. भिंती इतक्या जाड की माडीवरचा वायफाय खालच्या मागच्या खोलीत पोचत नाही. आजी तिथेच झोपते, जिना चढणं तिला आता जमत नाही. रात्री तिला आम्हाला बोलावता यावं म्हणून मी ब्लूटूथ मेशवर (छोटी उपकरणं एकमेकांचे संदेश पुढे पोचवतात असं जाळं) एक बटण केलं. इंटरनेटवर चालणारी घंटा नकोच होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे नेट बंद होतं, आणि आम्ही पाळीपाळीने तिच्या उशाशी बसलो होतो.

माजघर, जिना, स्वयंपाकघर आणि माडी असे चार नोड (जाळ्यातली उपकरणं) इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत. आलेला संदेश ते पुढे पाठवतात. त्यासाठी रेडिओ सतत ऐकत राहावा लागतो, म्हणून त्यांना सेल पुरणार नाही. आजीचं बटण मात्र सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर, लो पॉवर नोड (कमी वीज खाणारं उपकरण) म्हणून. ते बहुतेक वेळ झोपलेलं असतं. त्याच्यासाठी आलेलं उत्तर माजघरातला फ्रेंड नोड सांभाळून ठेवतो आणि बटण मधूनमधून जागं होऊन ते मागून घेतं. उत्तर मिळालं की बटणावर हिरवा दिवा लागतो. आजीचा सगळा जीव त्या दिव्यात असतो. तो दिसला की "ऐकलं कुणीतरी" म्हणते आणि शांत पडून राहते. चिप सगळीकडे एनआरएफ५२८३२, फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) झेफिर या ऑपरेटिंग सिस्टिमवर.

दसऱ्याला बसवलेला पहिला सेल होळीपर्यंत टिकला. नवा घातला आणि तेव्हापासून बटण दाबलं तरी माडीवर घंटा वाजत नाही, हिरवा दिवाही लागत नाही. जिन्यातल्या नोडचा दिवा मात्र लुकलुकतो, म्हणजे संदेश हवेत जातोय आणि पुढे पाठवलाही जातोय. वर नवा सेल दोन दिवसांत संपला! ही चिप ऐकत असताना साधारण ५ मिलीअँपिअर घेते आणि सेल २२० मिलीअँपिअर-तासांच्या आसपासचा, म्हणजे रेडिओ अखंड चालू राहिला तर ४४ तास. हिशेब जुळतो, पण रेडिओ झोपत का नाही?

सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट ही: गेल्या आठवड्यात इन्व्हर्टर दुरुस्तीला काढला, तेव्हा चारही नोड बंद पडले. परत लावल्यावर बटण आपोआप चालू झालं. पुढचा सेल बदलला आणि पुन्हा तेच.

मोबाईलवर संशय नाही. तो मेशमध्ये थेट शिरत नाही, प्रॉक्सी नोडमार्फतच (मोबाईल आणि मेश यांच्यातला दुवा) जोडला जातो. सुरुवातीला ग्रुपचा पत्ता (अनेक नोडचा मिळून एक) प्रॉक्सीच्या फिल्टरमध्ये घातला नव्हता म्हणून त्यावर काहीच येत नसे, ते तेव्हाच निस्तरलं.

प्रतिसाद १

बटणाचा पत्ता आणि की (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या) कुठे ठेवल्या आहेत? आणि सिक्वेन्स नंबर (संदेशाचा क्रमांक) फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जतन होतो का?

धागाकर्ता

पत्ता आणि की दोन्ही फर्मवेअरमध्येच कायमचे लिहिले आहेत, दर वेळी अ‍ॅपवरून जोडत बसायला नको म्हणून. फ्लॅशमध्ये काहीच जतन होत नाही. चारही नोडचंही तसंच.

प्रतिसाद १

मग दुखणं तिथेच आहे. मेशमध्ये प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक असतो. जुना संदेश पकडून कुणी पुन्हा सोडू नये म्हणून प्रत्येक नोड त्या पत्त्याचा शेवटचा क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्याहून लहान आला की टाकून देतो. तुमचं बटण सेल बदलल्यावर शून्यापासून मोजतं, नोड मात्र होळीपर्यंतचा आकडा धरून बसलेत. पुढे पाठवताना ही तपासणी होत नाही, म्हणून जिन्यातला दिवा लुकलुकतो. नोडची आठवण रॅममध्ये, म्हणून इन्व्हर्टर काढल्यावर ती पुसली गेली.

सेलचं कारणही हेच. फ्रेंड शोधण्याची विनंतीसुद्धा त्याच तपासणीत अडकते. मैत्री जुळत नाही आणि बटण रेडिओ उघडा ठेवून शोधत राहतं.

क्रमांक जतन करा, पण दर वेळी नको, फ्लॅश झिजेल. दर १०० संदेशांनी एकदा लिहा आणि बटण सुरू होताना जतन केलेल्या आकड्याच्या १०० पुढून मोजायला लागा. क्रमांक २४ बिटांचा आहे, आजी रोज शंभरदा दाबतील तरी चिंता नाही. नेटवर्कच्या की मात्र बदलाच. त्याच कीवर तोच क्रमांक पुन्हा वापरला गेला की एन्क्रिप्शन कच्चं होतं.

धागाकर्ता

दादा, फार आभारी आहे. दोन दुखणी समजून मी तीन रविवार घालवले. काल रात्री सगळं बदललं आणि सेल सात वेळा काढून-घालून पाहिला, सातही वेळा हिरवा दिवा लागला. सेल किती टिकतो ते महिनाभर पाहून इथे लिहीन. तोवर आजीच्या उशाशी देवघरातली पितळी घंटाही ठेवली आहे.