कनेक्शन गेलं, ईमेलही गेला

जुना_गिऱ्हाईक
टेलिफोनरावांनी काल लिहिलंय, 'ज्याला इंटरनेटचे पैसे भरतो त्याच कंपनीचा ईमेल वापरावा, फुकट्यांचं पुढे हसं होतं.' प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

ठाण्याहून नाशिकला बिऱ्हाड हलवलं. आमच्या कंपनीची लाइन तिथे नाही. कनेक्शन बंद केलं, महिन्याभरात ११ वर्षांचा मेलबॉक्सही बंद. विमा, डीमॅट, बँक, सगळीकडे तोच पत्ता. बदलायला गेलो तर म्हणे, जुन्या ईमेलवर ओटीपी पाठवलाय. तो बघू कुठे, कपाळावर?

टेलिफोनराव
बिऱ्हाड हलवायच्या आधी पत्ते बदलायचे असतात! १९९५ला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं तेव्हापासून आम्ही यात आहोत. पॉप पद्धतीनं मेल घरच्या संगणकावर, आउटलुक एक्स्प्रेस या प्रोग्रॅममध्ये उतरवायचा, सर्व्हरवर चिटोरंही ठेवायचं नाही. माझी पत्रं माझ्या घरात, कुणी वाचत नाही. आणि दोन वर्षं फिरकला नाहीत तर तुमचं जीमेलसुद्धा गूगल उडवू शकतं, माहितेय ना?

खवचट_खान
फिरकायचं एवढंच ना? ते तरी आपल्या हातात आहे. इंटरनेट कंपनीचं बिल थांबलं की सगळं संपलं. बाकी हार्डडिस्क कधी गेली नाही वाटतं तुमची?

टेलिफोनराव
एकदा गेली होती. तो विषय नाही.

खवचट_खान
ख्या ख्या ख्या.

मधली_सून
फुकटवाल्यांनीही फार नाचू नका. २००४ साली जीमेलनं १ जीबी दिलं तेव्हा चैन वाटली होती. आता १५ पुरत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. सासरच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून शुभ सकाळ! गुलाब, चहाचा कप, वर सुविचार. जागा भरली आणि लेकाच्या फीची पावती आलीच नाही.

अप्पा_७१
मी रोज पाठवतो. माणूस जिवंत आहे एवढं तरी कळतं. तुम्हाला फुलांचाही जाच होतो?

मधली_सून
फुलांचा नाही हो अप्पा, व्हिडिओंचा. वाजणाऱ्या घंटेसकट.

अप्पा_७१
घंटा एकादशीलाच पाठवतो.

जुना_गिऱ्हाईक
अहो, माझ्या ओटीपीचं काय?

खवचट_खान
शाखेत जा. केवायसीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स, दोन फेऱ्या धरून चाला. घंटेवर मात्र मी सूनबाईंच्या बाजूनं.

टेलिफोनराव
बरं, पत्ता अडकतो हे मान्य. म्हणूनच जीमेल काढून ठेवलंय, फक्त बँकेपुरतं. पासवर्ड मुलाकडे असतो.

खवचट_खान
म्हणजे तुमचे मेल वाचतंय कोण?