शब्दचर्चा: ‘शॅलो डेप्थ ऑफ फील्ड’ मराठीत कसं म्हणायचं?

प्रश्न: लग्नाच्या फोटोग्राफीवर मराठीत लिहिते आहे. नवरीचे डोळे लख्ख आणि मागची सगळी गर्दी विरघळलेली, अशा फोटोंबद्दल बोलताना ‘शॅलो डेप्थ ऑफ फील्ड’ हा शब्दप्रयोग सारखा येतो. त्याला ‘उथळ क्षेत्रखोली’ लिहू की सरळ ‘बॅकग्राउंड ब्लर’?

उत्तर: ‘उथळ’ नको. पाणी किंवा भांडं सोडून कशालाही उथळ म्हटलं की ते दूषण होतं: उथळ विचार, उथळ माणूस. शिवाय ‘खोली’ वाचल्यावर आधी चार भिंती डोळ्यांपुढे येतात. परिभाषा म्हणून ‘क्षेत्रखोली’ चुकीचा नाही, पण कॅमेरा हातात असलेला माणूस तो शब्द कधी तोंडात घेणार नाही.

‘बॅकग्राउंड ब्लर’ सगळ्यांना कळतं, पण ते अर्धंच सांगतं. धूसर फक्त मागचं होत नाही, फोकस जिथे धरलाय त्याच्या पुढचंही होतं. लेन्ससमोर एका ठरावीक अंतरावर स्पष्टतेचा एक पट्टा असतो, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही विरत जातं. म्हणून मी ‘स्पष्टतेचा पट्टा’ म्हणतो. पट्टा अरुंद किंवा रुंद, चेहरा पट्ट्यात आला किंवा बाहेर गेला. वाक्यं आपोआप मराठी होतात, आणि लक्षही योग्य जागी जातं: मागे काय पुसलं गेलं यापेक्षा पट्ट्यात कोण आहे, इकडे.

लग्नात हे किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांत बघा. फुल फ्रेम कॅमेरा (चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला), ८५ मिमी लेन्स, एफ १.४ (म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडलेलं), नवरी दोन मीटरवर: पट्टा साधारण साडेचार सेंटिमीटर. सव्वा मीटरवर या, दोन सेंटिमीटरही उरत नाही. पापण्यांवर फोकस धरला तर नाकाचा शेंडा आणि कानातलं, दोन्ही बाहेर. तिने मान थोडी वळवली की जवळचा डोळा आत आणि दूरचा बाहेर. नवरदेव अर्धं पाऊल मागे उभा असेल तर तो पूर्णच गेला. असा फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर छान दिसतो, अल्बममध्ये पानभर छापला की नवरदेवाचा चेहरा मऊ पडलेला कळतो, आणि तोवर काही करता येत नाही. दोन मीटरवरच राहून एफ ४ ठेवलं असतं तर पट्टा तेरा सेंटिमीटरच्या आसपास मिळाला असता.

पट्टा सेन्सरला समांतर असतो, हेही ‘ब्लर’ या शब्दातून कधी कळत नाही. दोघांनी कपाळाला कपाळ टेकवलंय आणि तुम्ही बरोबर बाजूला, काटकोनात उभे आहात, तर दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात आणि अरुंद पट्ट्यातही दोघं मावतात. तुम्ही तिरके सरकलात की एक गळतो.

प्रश्न: ‘डेप्थ ऑफ फोकस’ आणि हे एकच ना? बरेच जण तसं म्हणतात.

उत्तर: म्हणतात, पण एक नाही. ‘डेप्थ ऑफ फील्ड’ लेन्सच्या पुढे, माणसं उभी असतात त्या बाजूला मोजतात. ‘डेप्थ ऑफ फोकस’ लेन्सच्या मागे, कॅमेऱ्याच्या पोटात: सेन्सर किती पुढेमागे असला तरी चित्र स्पष्ट राहील, एवढीच ती मुभा. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तिची गरज सहसा पडत नाही.

प्रश्न: आणि ‘बोके’?

उत्तर: तो मूळचा जपानी शब्द. १९९७ साली एका अमेरिकी फोटोग्राफी मासिकाने त्याच्या रोमन स्पेलिंगला शेवटी ‘एच’ जोडला आणि तेच रूढ झालं. बोके म्हणजे धूसर भाग दिसतो कसा, म्हणजे धूसरपणाचा पोत. धूसरपणा किती आहे, हा वेगळा मुद्दा. मागच्या दिव्यांच्या माळा मऊ गोल दिसतात की कडा टोचतात, कोपऱ्यात ते गोल चपटे होतात का, ही बोकेची चर्चा. ‘या फोटोत खूप बोके आहे’ हे मला खटकतं. ‘बोके छान आहे’ ठीक.

मराठीत या बाबतीत आपल्याकडे बारकावे आहेत, ते वापरावेत. ‘फोटो हललाय’ म्हणजे हात किंवा माणूस हलला. ‘आउट आहे’ म्हणजे फोकस चुकला. ‘धूसर’ मात्र मुद्दाम ठेवलेल्या मऊपणासाठी राखून ठेवावा. तिन्हींना ‘ब्लर’ म्हटलं की चूक आणि हेतू यांतला फरकच जातो.

प्रश्न: ‘अ‍ॅपर्चर कमी कर’ यातही घोळ होतो का?

उत्तर: सगळ्यात मोठा घोळ तिथेच. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, आणि ते एफच्या आकड्यात सांगतात. आकडा कमी करायचा की छिद्र? एफ ४ वरून एफ २ वर गेलं तर आकडा कमी होतो, पण छिद्र मोठं होतं आणि पट्टा अरुंद. दोन फोटोग्राफर एकाच समारंभात काम करत असतील तर एकाने ‘कमी कर’ म्हटल्यावर दुसरा नेमकं उलटं करू शकतो. तीन रांगांचा कुटुंबाचा फोटो असेल तर मागची रांग गेलीच. ‘लेन्स उघड’ आणि ‘लेन्स बंद कर’ हे जास्त स्पष्ट आहे. माझ्या मते गडबडीत तेही नको, नुसता आकडा सांगावा: ‘ग्रुप आहे, एफ ५.६ वर जा.’