शब्दचर्चा : ‘ले मेंबर’, ‘थर्ड ऑर्डर’ आणि ‘प्रोफेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :

एका निवृत्त परिचारिकेच्या निधनानंतर त्यांचा अल्पपरिचय मराठीत लिहून द्यायचे काम माझ्याकडे आले आहे. बाई संसारी, दोन मुलांची आई, आणि पस्तीस वर्षे कॅथलिक ‘सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डर’च्या सभासद. आधी कोणीतरी केलेला मसुदा हाती आला, त्यात वाक्य आहे : ‘त्यांनी धर्मनिरपेक्ष फ्रान्सिस्कन पंथात तिसऱ्या श्रेणीचा व्यवसाय केला.’ मूळ इंग्रजीत ‘थर्ड ऑर्डर’ आणि ‘प्रोफेशन’ हे शब्द आहेत. वाक्य चुकले आहे हे दिसते, पण बरोबर काय ते सुचत नाही. ‘ले मेंबर’ला ‘सामान्य सदस्य’ म्हणावे का? ‘दीक्षा घेतली’ चालेल का? घरच्यांनी त्यांच्या गळ्यातला क्रूस दाखवला. इंग्रजी टी अक्षरासारखा, लाकडी, साध्या दोरीत ओवलेला, बोटे फिरून फिरून कडा झिजलेल्या. तो त्यांनी ज्यासाठी इतकी वर्षे घातला, त्याला नीट शब्द मिळावा एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद :

मसुदा करणाऱ्याला दोष देत नाही. या विषयातला जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्द आपल्याला दुसऱ्याच अर्थाने ओळखीचा आहे, म्हणून तो फसवतो.

‘सेक्युलर’पासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘सेक्युलुम’ म्हणजे युग, पिढी, आणि पुढे चर्चच्या भाषेत ‘हे जग’, मठाबाहेरचे जग. सेक्युलर फ्रान्सिस्कन म्हणजे जगात राहून, घरदार आणि नोकरी सांभाळून असिसीच्या संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणारा. ‘धर्मनिरपेक्ष’ने अर्थाचे अगदी दुसरे टोक गाठले. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द तयार आहे : प्रापंचिक. प्रपंच आणि परमार्थ ही जोडी मराठीच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि ‘प्रापंचिक’मध्ये कमीपणा नाही. ‘सामान्य सदस्य’ मात्र कृपया नको. त्यातून असे वाटते की खरे सभासद कोणी वेगळेच, आणि या बाई नुसत्या वर्गणीदार.

‘ऑर्डर’ला ‘पंथ’ही नको. पंथ म्हटले की वेगळी शिकवण, वेगळी चूल मनात येते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट हे एकाच चर्चमधले धर्मसंघ आहेत. ‘संघ’ बरा. शिवाय धर्मगुरूच्या अभिषेकालाही इंग्रजीत ‘होली ऑर्डर्स’ म्हणतात, तो संस्कार आहे, संघाशी त्याचा संबंध नाही. त्याला मराठीत ‘गुरुदीक्षा’ म्हणतात. म्हणूनच ‘दीक्षा घेतली’ इथे टाळा. कॅथलिक वाचकाला वाटेल की कोणाचा धर्मगुरू म्हणून अभिषेक झाला.

आता ‘थर्ड’. ही श्रेणी नाही, पायरीही नाही. असिसीच्या फ्रान्सिसभोवती आधी बंधूंचा संघ उभा राहिला, मग क्लाराच्या भगिनींचा, आणि तिसरा संसारी स्त्रीपुरुषांचा. उभे राहण्याचा क्रम, एवढाच अर्थ. संसारी लोकांसाठी १२२१मध्ये आचारसूत्र तयार झाले, आणि १२८९मध्ये पोप चौथे निकोलस यांनी या संघाच्या नियमाला मान्यता दिली. डॉमिनिकनांकडे असा नियम १२८५चा आहे. म्हणजे संसारात राहून संघाचे होण्याची वाट सातशे वर्षांहून जुनी आहे, कोणी काल काढलेली सवलत नव्हे.

मात्र ‘तिसरा संघ’ म्हणजेच ‘प्रापंचिक’ असे समीकरण करू नका. तिसऱ्या संघातले काही लोक पुढे एकत्र राहू लागले, त्यांनी व्रते घेतली, आणि त्यांचे वेगळे संघ झाले. तेही ‘थर्ड ऑर्डर’च, पण ‘रेग्युलर’, म्हणजे व्रते घेऊन एकत्र राहणारे. १९७८मध्ये पोप सहावे पॉल यांनी फ्रान्सिस्कन प्रापंचिकांना नवा नियम दिला, तेव्हापासून अधिकृत नावात ‘तिसरा’ नाही. बोलण्यात जुना शब्द अजून राहतो, पण परिचय छापायचा आहे, तेव्हा ‘फ्रान्सिस्कन प्रापंचिक संघ’ लिहा.

‘प्रोफेशन’ म्हणजे इथे पेशा नव्हे, सर्वांसमक्ष उच्चारलेला निर्धार. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच ‘उघडपणे जाहीर करणे’. आधी ओळखीचा काळ, मग निदान एक वर्ष घडणीचे, आणि त्यानंतर आपल्या स्थानिक बंधुसमाजासमोर उभे राहून ‘या नियमाप्रमाणे जगेन’ असे म्हणायचे. फ्रान्सिस्कनांमध्ये हा निर्धार स्वभावतः आयुष्यभराचा असतो. त्यात दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही मठवासीयांची तीन व्रते येत नाहीत. नवरा नवराच राहतो, पगार घरातच येतो; पण दोन्ही कसे वागवायचे हे त्या दिवसापासून सुवार्तेला, म्हणजे येशूच्या शिकवणीला, विचारून ठरवायचे. म्हणून ‘व्रत घेतले’ लिहिले तर मठात गेल्याचा भास होईल. माझी शिफारस ‘प्रतिज्ञा घेतली’.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. एक शंका राहिली. त्यांच्या कागदांत एका ‘ले ब्रदर’चा उल्लेख आहे, घडणीच्या काळात शिकवायला येणारे. तेही प्रापंचिकच ना?

प्रतिसाद :

नाही, आणि हाच ‘ले’ शब्दाचा अवघड भाग आहे. चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेचे २०७वे कलम वाचले की उलगडा होतो. पहिला भाग म्हणतो, श्रद्धावंतांत अभिषिक्त सेवक आहेत, आणि बाकीचे ‘लेइक’. या हिशोबात अभिषेक न झालेला मठवासी बंधूसुद्धा ‘ले’च. दुसरा भाग व्रतस्थांविषयी बोलतो, आणि ते दोन्हींकडून येतात असे सांगतो. तेव्हा ले ब्रदर हा व्रतस्थ आहे, पण धर्मगुरू नाही. त्याला ‘व्रतस्थ बंधू’ म्हणा. तुमच्या परिचारिका दोन्ही अर्थांनी ‘ले’ आहेत, अभिषेकही नाही आणि व्रतेही नाहीत, त्यांच्यासाठी ‘प्रापंचिक’ बिनचूक. एकाच इंग्रजी शब्दाला मराठीत दोन शब्द लागत असतील तर खुशाल दोन वापरावेत. प्रापंचिक संघांचे कलम वेगळे, ३०३वे : जगात राहून संघाच्या वृत्तीत सहभागी होणारे, संघाच्या मार्गदर्शनाखाली ख्रिस्ती पूर्णतेकडे जाऊ पाहणारे.

याच गोंधळापायी सिएनाच्या संत कॅथरिनला मराठी लेखांत सर्रास ‘नन’ म्हटले जाते, आणि मला ते दरवेळी खटकते. ती डॉमिनिकन तिसऱ्या संघाची होती, मठात नव्हे, बापाच्या घरात राहिली, रोग्यांची शुश्रूषा केली, पोपना पत्रे लिहिली. १९७०मध्ये चर्चने तिला ‘डॉक्टर’, म्हणजे चर्चची आचार्य, ही पदवी दिली. पिएर जोर्जो फ्रासाती तर खाणकाम अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १९२२मध्ये त्याच संघात आला, जिरोलामो हे नाव घेतले, आणि १९२५मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. त्याला ‘साधू’ म्हटले तर त्याच्या आयुष्यातली खरी गोष्टच हरवते.

आणखी एक प्रतिसाद :

वरच्याला जोडून ‘ऑब्लेट’विषयी. बेनेडिक्टाइनांकडे, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या मठवासीयांकडे, तिसरा संघ नाही, ऑब्लेट असतात. मूळ अर्थ ‘अर्पिलेला’. बेनेडिक्टच्या नियमात ५९वा अध्याय आईबापांनी मठाला अर्पण केलेल्या मुलांविषयी आहे. आजचे ऑब्लेट मात्र स्वतःहून येणारी मोठी माणसे. भाषांतर करताना लक्षात असू द्या की ऑब्लेट एखाद्या ठरावीक मठाशी जोडलेला असतो. ‘बेनेडिक्टाइन संघाचा ऑब्लेट’पेक्षा ‘अमुक मठाचा ऑब्लेट’ अचूक. ‘समर्पित’ हा शब्द व्रतस्थांच्या जीवनासाठी वापरला जातो, म्हणून मी ‘ऑब्लेट’च ठेवतो. आणि ‘ऑब्लेट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट’ हा १८१६मध्ये सुरू झालेला, व्रते घेणाऱ्या धर्मगुरू आणि बंधूंचा संघ आहे. तिथे ‘प्रापंचिक’ लिहाल तर चुकाल.

मूळ प्रश्नकर्ता :

मजकूर घरी वाचून दाखवला. ‘फ्रान्सिस्कन प्रापंचिक संघाच्या सभासद’ लगेच पटले. पुढे मी ‘आजीवन प्रतिज्ञा घेतली’ लिहिले होते. तिथे त्यांची मुलगी थांबली. म्हणाली, आई कधी ‘मी प्रतिज्ञा घेतली’ असं म्हणायची नाही, ‘मी वचन दिलंय’ म्हणायची. रात्रपाळीहून आली तरी प्रार्थनेचं पुस्तक उघडायची, आणि आम्ही झोप म्हटलं की हेच उत्तर. मी वाक्य बदलले : ‘संघाच्या नियमाप्रमाणे जगण्याचे त्यांनी आजीवन वचन दिले होते.’ असेच छापायला देत आहे.